जुने स्टिकर काढणे (वाहनाच्या रंगावरील)

वाहनाच्या रंगाला इजा न पोहोचवता त्यावरचे जुने व्हिनाइल स्टिकर, मागे राहिलेला गम आणि स्टिकरखाली उमटलेली सावली नाहीशी करण्याचे काम. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत : फिल्म उष्णतेने सुटते, गम द्रावकाने विरघळतो, सावली पॉलिशने फिकी होते. या कामात रंग बिघडतो तो बहुधा एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यामुळे.

संज्ञा : पुण्यात वाहनावरच्या स्टिकरला सर्रास ‘रेडियम’ म्हणतात आणि ते कापून लावणाऱ्याला ‘रेडियमवाला’. रेडियम या मूलद्रव्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मारी आणि पिअर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधलेले हे मूलद्रव्य पुढे घड्याळांच्या तबकड्यांवरील अंधारात चमकणाऱ्या रंगात वापरले गेले. चमकणाऱ्या परावर्तक पट्टीला लागलेले ते नाव नंतर साध्या, न चमकणाऱ्या स्टिकरलाही चिकटले. परावर्तक पट्टीत असतात ते बारीक काचमणी किंवा सूक्ष्म लोलक. ते स्वतः प्रकाशत नाहीत, समोरच्या दिव्याचा प्रकाश परत फेकतात.

खराडीतील वाहने : पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्ता आणि मुळा-मुठा नदी यांच्या दरम्यान असलेले खराडी १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिल्यावर येथे कंपन्यांच्या कॅब आणि बसची दिवसरात्र ये-जा सुरू झाली. अशा गाडीच्या दारावर कंत्राटदाराचे नाव, मागे तक्रारीसाठीचा फोन क्रमांक, बाजूला ‘ऑन ड्युटी’ अशी अक्षरे असतात. कंत्राट बदलले, गाडी विकली किंवा पिवळ्या पाटीवरून पांढऱ्या पाटीवर आली की ही अक्षरे काढावी लागतात. खासगी गाड्यांवर राजमुद्रा, कुलदैवताचे नाव, ‘आईवडिलांची पुण्याई’ अशी ओळ असते. रिक्षांवर आणि टेम्पोंवर याहून अधिक. या गाड्या वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हातला गाडीचा पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे बॉनेट आणि टपावरचे स्टिकर दारावरच्या स्टिकरच्या आधी जीर्ण होते.

स्टिकरची घडण आणि जीर्णता : स्टिकरचा वरचा थर पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो. मूळ पीव्हीसी कडक असते. त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळून लवचिक पीव्हीसी तयार करण्याची रीत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सीमन यांनी १९२६ मध्ये शोधली. रुळांमधून लाटून केलेली फिल्म स्वस्त आणि जाड, साधारण ७० ते १०० मायक्रॉनची असते. ती लवकर आक्रसते. ओतून केलेली फिल्म ५० मायक्रॉनच्या आसपास आणि अधिक टिकाऊ असते. फिल्मच्या पाठीला दाबाने चिकटणाऱ्या ॲक्रिलिक गमाचा थर असतो.

उन्हातील अतिनील किरणांनी पीव्हीसीच्या साखळ्या तुटतात आणि मऊपणा देणारी द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात. स्टिकर आक्रसते, कडा उचलल्या जातात, उघड्या पडलेल्या गमावर काळी धूळ बसते आणि शेवटी फिल्मला तडे जातात. अशा स्टिकरच्या कडेला नख लावले तर ते पापडासारखे मोडते आणि तांदळाच्या कणीएवढा तुकडा हातात येतो. उष्णता दिली की हेच प्लास्टिक पुन्हा वाकू लागते. उन्हाने कायमचा घालवलेला मऊपणा हीट गनने काही क्षणांपुरता परत येतो. त्या काही क्षणांतच फिल्म ओढायची असते.

खालचा रंग : कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर फॉस्फेटचा लेप, विद्युतक्रियेने बसवलेला गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सर्व मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. हे थर भट्टीत भाजून पक्के केलेले असल्याने सौम्य द्रावक आणि बेताची उष्णता सहन करतात. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागाचा असा भरवसा देता येत नाही. तेथील रंग पुट्टीवर किंवा नीट न घासलेल्या जुन्या रंगावर बसलेला असू शकतो आणि स्टिकरबरोबर पापुद्रा निघून येतो. म्हणून गाडी कोठे ठोकली होती, कोणते पॅनेल रंगवले होते, हे मालकाला आधी विचारणे कामाचा भागच आहे.

पूर्वतयारी : बांधकामांची धूळ खराडीत सदैव असते. ती न धुता हात फिरवला तर धुळीचा प्रत्येक कण सँडपेपरचे काम करतो. गाडी शाम्पूने धुऊन सुकवतात. बोअरचे जड पाणी पत्र्यावर वाळू दिले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून ते लगेच मऊ कापडाने टिपतात. त्यानंतर दर्शनी नसलेल्या एका कोपऱ्यावर द्रावक लावून पाहतात. पांढऱ्या कापडावर गाडीचा रंग उतरला तर तो द्रावक वापरत नाहीत.

फिल्म सोडवणे : हीट गन किंवा केस वाळवण्याचा ड्रायर पत्र्यापासून वीतभर अंतरावर धरून सतत फिरवत ठेवतात. पत्रा साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापणे पुरेसे असते. सराईत कारागीर हाताची पाठ पत्र्याला टेकवून अंदाज घेतो : हात क्षणभर टिकावा, पण ठेवून देता येऊ नये. मग कडा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलून फिल्म मागे दुमडतात आणि हळूहळू, एकसारख्या ताणाने ओढतात. फिल्म मोडत असेल तर उष्णता कमी पडते आहे. ती रबरासारखी ताणली जाऊन गम मागे राहत असेल तर उष्णता जास्त झाली आहे. या दोन खुणांवर लक्ष ठेवून हात पुढे सरकवतात. घाईने ओढल्यास फिल्म फाटते आणि प्रत्येक तुकड्याची कडा नव्याने शोधावी लागते.

डिसेंबरातल्या पहाटे, पत्रा गार असताना, हे काम चिवट होते. दुपारच्या उन्हात गाडी काही वेळ उभी करून सुरुवात केल्यास सोपे जाते. बंपर प्लास्टिकचा असतो आणि जास्त तापवल्यास वाकतो, म्हणून तेथे उष्णता कमी ठेवतात. रंगावर स्टीलचे ब्लेड कधीही चालवत नाहीत. ब्लेडची जागा काचेवर आहे, आणि मागच्या काचेवर धुके घालवणाऱ्या तारा असतील तर तेथेही नाही.

देवाचे नाव किंवा प्रतिमा असलेले स्टिकर काढताना ते पायदळी पडू नये याची काळजी घेतली जाते. कारागिरांनी हे मालकाच्या सांगण्याची वाट न पाहता पाळावे; तो कामाच्या शिस्तीचाच भाग आहे.

गम काढणे : उरलेल्या गमावर द्रावकाने भिजवलेले कापड काही मिनिटे ठेवतात आणि गम मऊ झाल्यावर एकाच दिशेने पुसून घेतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, संत्र्याच्या सालीतील तेलावर आधारलेले क्लीनर आणि डब्ल्यूडी-४० ही नेहमीची साधने. गॅरेजमध्ये रॉकेलही वापरतात. ते गम सोडवते, पण मागे तेलकट थर ठेवते. खोबरेल तेल हळू काम करते, मात्र थोड्या गमाला पुरते. थिनर आणि ॲसिटोन गम झटकन काढतात आणि तितक्याच झटकन पुन्हा रंगवलेला भाग किंवा प्लास्टिक मऊ करतात. म्हणून ते टाळावेत. कोणत्याही द्रावकानंतर शाम्पूच्या पाण्याने जागा धुतात.

मोठ्या अक्षरांसाठी ड्रिल मशीनला बसणारे रबरी चाक वापरतात. ते फिल्म आणि गम खोडरबरासारखे खरवडते. चाकावर छापलेली वेगमर्यादा ओलांडली किंवा ते एका जागी टेकवून ठेवले तर क्लिअर कोट जळतो. तो डाग पॉलिशने जात नाही, पॅनेल रंगवावे लागते.

सावली : फिल्म आणि गम गेल्यावरही संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दारावर जुनी अक्षरे वाचता येतात. स्टिकरखालचा रंग उन्हापासून झाकलेला राहिला आणि भोवतालचा फिका पडला, त्यामुळे हा फरक दिसतो. लाल आणि गडद रंगांवर तो ठळक असतो, पांढऱ्यावर कमी. बारीक रबिंग कंपाउंडने भोवतालचा जुना थर किंचित उतरवून मग पॉलिश आणि वॅक्स केल्यास दोन्ही भाग जवळ येतात. क्लिअर कोट मर्यादित असल्याने पुन्हा पुन्हा रबिंग करता येत नाही. फरक खोलवर गेला असेल तर काळ हाच उपाय, नाहीतर पूर्ण पॅनेलचा रंग.

धोके : हीट गनची हवा कित्येक द्रावकांना पेटवू शकते. म्हणून उष्णतेचे काम संपून पत्रा निवल्यावरच द्रावकाची बाटली उघडतात. पेट्रोलचा वापर करूच नये. सीएनजी रिक्षा किंवा कॅबमध्ये सिलिंडर, नळ्या आणि गॅस भरण्याचे तोंड यांच्याजवळ गरम हवा मारत नाहीत. काम मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करतात.

कायद्याने बंधनकारक पट्ट्या : प्रत्येक स्टिकर काढण्यासारखे नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार व्यावसायिक वाहनांवर परावर्तक पट्ट्या आवश्यक असतात. रंगकामासाठी त्या काढल्या तर पासिंगपूर्वी नव्या लावाव्या लागतात. काचेवरचे इंधनाचा प्रकार दाखवणारे स्टिकर हे नोंदणीचे चिन्ह आहे. फास्टॅग एकदा उचकटला की निकामी होतो. गाडीच्या काचांवरच्या काळ्या फिल्म मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २७ एप्रिल २०१२ च्या निकालानंतर काढणेच भाग होते.

टाकाऊ भाग : निघालेली फिल्म जाळल्यास पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू आणि इतर विषारी द्रव्ये बाहेर पडतात. ती गोळा करून सुक्या कचऱ्यात देतात. द्रावकाने भिजलेली कापडे उघड्यावर वाळवून मग टाकतात आणि उरलेला द्रावक बाटलीत बंद करून ठेवतात. तो गटारात ओतल्यास अखेर मुळा-मुठेत पोहोचतो.