दुबलगुंडीचा मध्याह्न

हुमनाबाद तालुक्यातील दुबलगुंडी या गावी अंगणात एक काठी उभी रोवून तिच्या सावलीकडे लक्ष ठेवावे. सावली सर्वांत आखूड होईल तो मध्याह्न. त्या क्षणी मनगटावरील घड्याळ मात्र वर्षाच्या सरासरीने १२ वाजून २१ मिनिटे झाल्याचे सांगेल. सूर्याला उशीर झाला असे नव्हे. घड्याळातील वेळ दुबलगुंडीची नाहीच. ती साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणजे दूर उत्तरेकडील मिर्झापूरजवळची आहे. मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषा कानावर पडणाऱ्या या सरहद्दीवरील मनुष्याला परक्या मुलखातून आलेल्या हुकुमांची सवय पुष्कळ आहे. परंतु त्याचा मध्याह्नही परगावचा आहे, हे त्याच्या सहसा ध्यानी येत नाही.

पूर्वी प्रत्येक गावाला स्वतःचा मध्याह्न होता. पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र बुडाले की एक घटका झाली, आणि अशा साठ घटकांचा अहोरात्र होई. शेजारच्या परगण्यातील घटका आपल्याशी जुळतात की नाही याची चिंता करण्याचे कारणच नव्हते; कारण तेथे जावयाचे तर बैलगाडीनेच, आणि बैलाला मिनिटाची पर्वा नसते. तथापि हा फरक आपल्या ज्योतिष्यांस ठाऊक नव्हता असे कोणी समजू नये. उज्जयिनीच्या रेषेपासून आपले गाव किती पूर्वेस वा पश्चिमेस आहे, यावरून ते देशांतर काढीत. सूर्यसिद्धान्तात त्यासाठी चंद्रग्रहणाचा उपयोग सांगितला आहे. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, परंतु प्रत्येक जागची घटका निराळी असते. त्या अंतरावरून देशांतर कळते. घड्याळे जुळविण्यासाठी आकाशातून आलेली ती एक खूणच म्हणावी लागेल. अडचण एवढीच की ती वर्षातून एखाद दुसऱ्या वेळी येते, आणि तेव्हा आभाळ निरभ्र असावे लागते.

रोज येणारी खूण तारायंत्राने दिली. मद्रासची वेधशाळा १७९२ साली स्थापन झाली. तेथील गोल्डिंगहॅम याने १८०२ साली मद्रासची वेळ ग्रीनिचपेक्षा ५ तास २१ मिनिटे १४ सेकंद पुढे असल्याचे ठरविले. पुढे आगगाड्या वाढल्या. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि मद्रासहून निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूरला एकत्र आले. १८७४ साली वाडीहून हैदराबादकडे फाटा गेला. रेल्वेने सर्वत्र मद्रासची वेळ धरली. दुबलगुंडीचा मध्याह्न मद्रासच्या मागून सुमारे बारा मिनिटांनी आणि मुंबईच्या आधी सुमारे अठरा मिनिटांनी होतो. म्हणजे गाव दोन्ही वेळांच्या मध्ये पडले, आणि स्टेशनात लागली ती मद्रासचीच वेळ.

एकदा घड्याळ लावले म्हणजे काम संपते, असा आपला समज असतो. वास्तविक कोणतीही दोन घड्याळे फार काळ सारखी चालत नाहीत. एक उन्हाने मंदावते, दुसरे किल्ली कमी पडल्याने मागे पडते. म्हणून रेल्वेच्या नियमांत असे ठरून गेले की, रोज दुपारी ४ वाजता महत्त्वाच्या सर्व स्टेशनांना वेळ कळवावयाची आणि स्टेशनमास्तरने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावावयाचे. या रिवाजाकडे नुसता कारकुनी उपचार म्हणून पाहू नये. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचा हिशेब ज्या वहीत लिहावयाचा, तिच्या दोन टोकांस निराळी वेळ असून चालत नाही. एका स्टेशनचे घड्याळ सूर्याशी तंतोतंत जुळले आणि शेजारच्याशी जुळले नाही, तर ते कुचकामाचेच.

मात्र एकाची वेळ सर्वांची करावयाची म्हटले की कोणाला तरी आपला दिवस मोडावा लागतो. मुंबईत हे फार ठसठशीतपणे दिसले. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ चालू केली. लोकांनी ती मानली नाही. विद्यापीठाच्या सिनेटने राजाबाई टॉवरचे घड्याळ मुंबईच्याच वेळेने चालविण्याचे ठरविले, तेव्हा सरकारने त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च नाकारला! अखेर १८८३ साली सरकारनेच माघार घेतली. पुढे १९०६ च्या आरंभी हिंदी प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. म्हणजे गिरणीचा भोंगा सहाला व्हावयाचा तर जुन्या घड्याळाने तो ५ वाजून २१ मिनिटांनीच होणार. वरिष्ठांच्या कागदावर हा केवळ काट्याचा फेरफार होता, परंतु कामगाराच्या झोपेतून ती ३९ मिनिटे जात होती. त्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांनी दगडफेक केली, आणि महापालिकेने स्वातंत्र्यानंतरपर्यंत मुंबईची वेळ सोडली नाही. या हट्टाला हसणे सोपे आहे. मला मात्र त्यात विचारण्याजोगा एक प्रश्न दिसतो: ज्याला वेळ बदलावी लागते, त्याला कोणी विचारले होते काय?

आज स्टेशनमास्तराचे काम यंत्रे करतात. कारखान्यातील, वीजकेंद्रातील प्रत्येक यंत्राच्या पोटात एक घड्याळ असते आणि तीही मागेपुढे होतात. ती जुळविण्याची रीत मोठी गमतीची आहे. लहान घड्याळ मुख्य घड्याळाला जणू पत्र पाठविते: मी अमुक वेळी विचारले. उत्तरात मुख्य घड्याळ, पत्र केव्हा पोचले आणि उत्तर केव्हा निघाले, हे दोन्ही लिहिते. उत्तर हाती पडताच चौथी वेळ नोंदली जाते. एकंदर प्रवासाचा काळ काढून त्याचा निम्मा भाग एका फेरीचा धरावयाचा, म्हणजे आपण किती मागे आहोत ते कळते. यात एक गृहीत दडले आहे: जाणे आणि येणे यांस सारखाच वेळ लागतो. वाटेत एकीकडेच खोळंबा झाला तर हिशेब चुकतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली या तऱ्हेच्या पद्धतीचा लेखी आराखडा प्रसिद्ध केला. कारखान्यांसाठी याहून सूक्ष्म पद्धत २००२ साली निघाली. तिच्यात संदेश तारेवर पडण्याचा क्षण यंत्राच्या दाराशीच टिपता येतो, म्हणून चूक सेकंदाच्या दशलक्षांशाइतकी उरते.

इतका काटेकोरपणा कशाला, असे कोणी विचारील. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील आणि पाठोपाठ पूर्वेकडील वीजजाळे कोसळले, तेव्हा कोणती वाहिनी आधी तुटली हे शोधावयाचे होते. असे घटनाक्रम सेकंदाच्या अंशांत घडतात. नोंदी करणारी घड्याळे जुळलेली नसतील, तर परिणाम आधी आणि कारण मागाहून घडल्याचे कागदावर दिसते. त्या चौकशीतही घड्याळांचा हा मेळ नीट नसल्याचा दोष निघाला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर ते रायचूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एका तालात जोडले गेले. जेथे मुंबई आणि मद्रास यांचे लोहमार्ग एकत्र आले होते, तेच हे रायचूर.

हुमनाबादला आगगाडी मात्र फार उशिरा आली. बीदर ते कलबुर्गी या मार्गाचे उद्घाटन २९ ऑक्टोबर २०१७ रोजी झाले. तेथील फलाटावर गाडीची वेळ प्रमाणवेळेनेच मांडली जाते. दुबलगुंडीच्या अंगणातली सावली मात्र अजूनही १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारासच सर्वांत आखूड होते.