कोपनहेगन १९५२ ते टाळेबंदी २०२० : साथ, श्वास आणि दुबळे स्नायू

१/ मार्च २०२० मध्ये 'व्हेंटिलेटर' हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु हे यंत्र रुग्णालयांत रुळले ते एका जुन्या साथीमुळे, आणि तेही स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांसाठी. अडुसष्ट वर्षांनंतर आलेल्या महासाथीने नेमकी अशाच रुग्णांची वाट अडवली. ती कशी, याचा हा थ्रेड.

२/ ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण दिवसाला ५० पर्यंत दाखल होऊ लागले. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्यांसाठी तेथे एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीवर बसवायची सहा छोटी यंत्रे, एवढीच सामग्री होती. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत दगावले.

३/ २७ ऑगस्टला भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून अशा पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. १९५३ च्या अखेरीस इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला.

४/ साथ ओसरली, तंत्र उरले. पुढे ते मास्कच्या रूपाने घरी आले आणि स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक रोगांतही उपयोगी पडले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ड्यूशेन रोगाच्या रुग्णांचे सरासरी मृत्युवय १९६० च्या दशकात १४.४ वर्षे होते; १९९० नंतर श्वसनयंत्राचा आधार मिळालेल्यांत ते २५.३ वर्षे झाले. रोग बरा झाला नव्हता. आयुष्य वाढले ते नियमित देखभालीमुळे.

५/ महासाथीने हीच नियमितता मोडली. २४ मार्च २०२० पासून दिल्लीच्या एम्सचा बाह्यरुग्ण विभाग बंद झाला. त्याच रात्री देशभर टाळेबंदी लागू झाली. प्रवासी रेल्वे आधीच थांबली होती. या रोगांचे तज्ज्ञ मोजक्या शहरांत असतात. जिल्ह्याच्या गावाहून मुंबईला किंवा बंगळुरूच्या निम्हान्सला जाणाऱ्या रुग्णाचा रस्ताच खुंटला.

६/ २५ मार्चला केंद्राने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यामुळे औषधाची चिठ्ठी फोनवर मिळू लागली. पण फुप्फुसांची क्षमता मोजणे, हृदयाची तपासणी, फिजिओथेरपिस्टचा हात या गोष्टी फोनवर मिळणाऱ्या नव्हत्या. ताण देण्याचे व्यायाम थांबले की सांधे आखडतात, आणि अशा रोगात गमावलेली हालचाल बहुधा परत मिळत नाही.

७/ औषधांचीही कोंडी झाली. स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीवरील नुसिनर्सेन हे औषध पाठीच्या मणक्यातून द्यावे लागते : पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा, नंतर दर चार महिन्यांनी. रुग्णालये तातडीची नसलेली कामे पुढे ढकलत असताना अनेक देशांत हे वेळापत्रक विस्कटले. ७ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेने घरी तोंडाने घेता येणाऱ्या रिसडिप्लामला मान्यता दिली. त्यावरील संशोधन आधीपासूनचे होते; पण महासाथीत त्याचे मोल अधिक जाणवले.

८/ मायस्थेनिया ग्रॅव्हिसच्या रुग्णांपुढे निराळा पेच होता. मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातील व्यक्तींसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवले. त्याच्याबरोबर अॅझिथ्रोमायसिनही सर्रास दिले जाऊ लागले. ही दोन्ही औषधे मायस्थेनियाचा स्नायूदुबळेपणा वाढवू शकतात. गर्दीच्या वॉर्डात हे ध्यानी ठेवणारा तज्ज्ञ हजर असेलच, अशी खात्री नव्हती.

९/ सर्वांत कठीण प्रश्न यंत्राच्या वाटपाचा होता. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २० मार्चला अतिदक्षता उपचारांसाठी 'दुर्बलता मापनश्रेणी' वापरण्याची सूचना केली. दैनंदिन कामात मदत लागणारा माणूस त्या मापाने दुर्बल ठरत होता. मग तो तरुण असो वा त्याची प्रकृती स्थिर असो. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला. पाच दिवसांत सूचना सुधारली गेली : स्थिर स्वरूपाचे दीर्घकालीन अपंगत्व असलेल्यांना ही श्रेणी लावू नये.

१०/ १९५२ मध्ये यंत्रे कमी पडली तेव्हा माणसांचे हात वाढवता आले. २०२० मध्ये तो मार्ग सोपा नव्हता, कारण जवळ येणारा प्रत्येक हात संसर्गाचा धोका घेऊन येत होता. रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे, मास्क किती घट्ट बांधायचा, हे जाणणाऱ्या नातेवाइकांनाही अनेक कोविड वॉर्डांत प्रवेश नव्हता. पुढच्या साथीची तयारी करताना खाटा आणि यंत्रे मोजली जातीलच. त्या यादीत रुग्णाचा जाणता सोबतीही मोजला जाणार का, हा प्रश्न २०२० ने मागे ठेवला आहे.