बारा मिनिटे आणि एक राहिलेला शब्द

‘नदी उलटी वाहिली, बिचारा गरीब! (२ अक्षरे)’ हे शोधसूत्र वाचून आपण पूर, बुडालेली शेते यांचा विचार करत बसतो. शेजारचा म्हणतो, “अहो, ‘नदी’ हा शब्दच उलटा करा ना!” दीन. कूट शब्दकोड्यात सूत्राचा एक भाग अर्थ सांगतो, दुसरा अक्षरांशी खेळतो, आणि वरवरचा अर्थ आपल्याला भलतीकडे नेतो. तिकडून परत फिरायला दुसऱ्या डोक्याची फार मदत होते.

लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये १९२५ पासून शब्दकोडी येतात. जानेवारी १९४२ मध्ये एका गृहस्थांनी आव्हान दिले : १२ मिनिटांच्या आत कोणी कोडे सोडवले, तर मदतनिधीला १०० पौंड देईन. वृत्तपत्राच्या कचेरीत स्पर्धा झाली. वेळ संपली तेव्हा स्टॅन्ली सेजविक यांचा एकच शब्द राहिला होता. काही आठवड्यांनी त्यांना लष्कराचे गोपनीय पत्र आले आणि पुढे ते ब्लेचली पार्कला रुजू झाले. जर्मनांचे गुप्त संदेश तेथे उलगडले जात.

शब्दकोड्यांनी युद्ध जिंकले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कोडे रचणाऱ्याला ते सुटावे असेच वाटत असते; गुप्तलिपी रचणाऱ्याला नाही. शिवाय एनिग्मा यंत्राची लिपी प्रथम १९३२ मध्ये पोलंडच्या गणितज्ञांनी फोडली होती आणि जुलै १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, आपली रीत ब्रिटिश व फ्रेंच सहकाऱ्यांना सांगितली होती.

पण कामाची एक पद्धत कोडेवाल्यांना ओळखीची वाटावी अशी होती. संदेशात अमुक शब्द असणार, असा अंदाज करायचा. तो गुप्त मजकुराखाली मांडून एकेक घर सरकवायचा. एनिग्मात कोणत्याही अक्षराचे तेच अक्षर कधीच होत नसे. त्यामुळे वरखाली एक जरी अक्षर सारखे आले, तरी ती जागा बाद! (आपल्या कोड्यात आडव्या-उभ्याचे अक्षर जुळले नाही की शब्द बाद होतो; येथे जुळले की.) उरलेल्या जागा मग यंत्रांच्या मदतीने तपासल्या जात.

आता हा अंदाज आणायचा कोठून? तो पुष्कळदा शेजारच्या विभागातून येई. हवामानाची तीच माहिती जर्मन एका सोप्या लिपीतूनही पाठवत. ती लिपी एकाने फोडली की दुसऱ्याला एनिग्मासाठी आयता मजकूर मिळे. सेजविक यांच्या वाट्याला काम आले होते ते जर्मन हवामानलिपींचेच.