हेल्मेटसक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्य : ब्रिटनच्या अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारसायकलस्वाराने हेल्मेट वापरावे की नाही, हा प्रश्न वरकरणी वाहतूक नियमनाचा वाटतो. वस्तुतः नागरिकाचे त्याच्या स्वतःच्या निर्णयापासून रक्षण करण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे काय, हा उदारमतवादातील मूलभूत प्रश्न त्यामागे आहे. प्रस्तुत लेखात ब्रिटनच्या अनुभवाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

वैद्यकीय पुरावा :
मे १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून टी. ई. लॉरेन्स यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक, मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व सहप्रवासी मृत्युमुखी पडल्याचे त्यांच्या १९४१ च्या निबंधात नमूद आहे. त्याच वर्षी लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सैनिकाला आज्ञा देता येते. नागरिकांसाठी मात्र ही सक्ती १ जून १९७३ रोजी, म्हणजे तब्बल ३२ वर्षांनी आली.

प्रतिकार व सवलत :
खासदार इनॉक पॉवेल यांनी स्वातंत्र्याच्या भूमिकेतून या सक्तीला विरोध केला. फ्रेड हिल या निवृत्त शिक्षकाने हेल्मेट नाकारून वारंवार कारावास पत्करला व १९८४ मध्ये तुरुंगवासातच त्यांचे निधन झाले. याउलट, पगडीधारी शीख स्वारांना १९७६ च्या कायद्याने सूट मिळाली.

भारतीय संदर्भ :
भारतातही मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेटसक्तीबरोबरच पगडीधारी शिखांना सूट आहे. त्याच वर्षी अजय कानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील हेल्मेटसक्तीचा नियम वैध ठरविला. तरीही २०१९ च्या प्रारंभी पुण्यात कठोर अंमलबजावणी होताच नागरिकांनी संघटित विरोध केला.

निष्कर्ष :
हिल आणि शीख स्वार या दोघांनीही धोका प्रामुख्याने स्वतःच पत्करला होता. तथापि, परंपरा व समुदाय यांचे पाठबळ असलेल्या श्रद्धेला कायद्याने मान्यता दिली, एकट्या व्यक्तीच्या आग्रहाला दिली नाही. यावरून सुरक्षिततेचे तत्त्व कायद्यानेही निरपेक्ष मानले नाही, हे स्पष्ट होते. अपघाताचा भार कुटुंबावर व रुग्णालयांवर पडतो. म्हणून सक्ती समर्थनीय ठरते. परंतु सवलतीचा निकष कोणता, याचे उत्तर देण्याचे दायित्व राज्यसंस्थेवर राहते. विरोधकांची केवळ हेटाळणी करून त्या दायित्वातून सुटका होत नाही.