लीलाबाईंची १९३४ ची मॅच

परवाच्या शनिवारी सकाळी सहा वाजता मी स्वारगेटच्या एस्टी स्टँडवर जांभया देत उभा होतो. वीकेंडला सहाला उठणं म्हणजे आमच्या जमातीत पापच, पण इलाज नव्हता. साताऱ्याहून दादा आणि पुतणी येणार होते. पुतणी चौदा वर्षांची. टेनिस खेळते आणि तिची पुण्यात एक स्पर्धा होती. गाडी आली, आधी रॅकेटची बॅग उतरली आणि तिच्या मागे कुठेतरी पुतणी दिसली.

समोर चहा घेताना दादाने विषय काढलाच. "हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी दहावी. टेनिस बंद. उगाच जोकोविच व्हायचंय का हिला?"

पुतणी काहीच बोलली नाही. बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून पडलं, मग मला म्हणाली, "काका, आपल्यातलं कुणी विम्बल्डनला मॅच जिंकलंय का?"

मी म्हटलं, "सानिया!"

"सानिया हैदराबादची. आपल्यातलं म्हणजे आपल्या इकडचं."

मला उत्तर देता आलं नाही. अकरा वाजेपर्यंत ती पहिल्याच फेरीत हरली होती आणि दुपारभर घरात कुणी कुणाशी फार बोललं नाही. रात्री सगळे झोपल्यावर मी वाचत बसलो. पहाटे तीनला उत्तर सापडलं, आणि स्वतःची थोडी लाज वाटली. कारण हे नाव मला माहीत असायला हवं होतं.

लीला राव. जन्म १९११ चा. १९३४ साली विम्बल्डनच्या महिला एकेरीत पहिल्या फेरीत तिने इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. विम्बल्डनला मॅच जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिच्या आधी जेनी सँडिसन तिथे खेळून आली होती, पण जिंकण्याचा मान लीलाचा. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अडॅमॉफने तिला तीन सेटमध्ये हरवलं. पुढच्या वर्षी ती परत गेली आणि एव्हलिन डिअरमनकडून पहिल्याच फेरीत हरली. विम्बल्डनच्या एकेरीतली तिची कमाई एवढीच. एक विजय, दोन पराभव.

आता "आपल्यातलं"चा मुद्दा. लीलाची आई पंडिता क्षमा राव, जन्म १८९० चा आणि तोही पुण्यातला! क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित मूळचे सावंतवाडीकडचे. सायणभाष्यासह अथर्ववेद संपादित करणारे आणि तुकारामांच्या गाथेची आवृत्ती सिद्ध करणारे ते मोठे विद्वान. १८९४ मध्ये ते गेले तेव्हा क्षमा चार वर्षांचीसुद्धा नव्हती. म्हणजे विद्येचा वारसा होता, पण शिकवणारे हात गेलेले. तरी या बाई पुढे संस्कृतच्या कवयित्री झाल्या. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी संस्कृतात सत्याग्रहगीता लिहिली आणि ती १९३२ साली छापली गेली थेट पॅरिसला. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रंही त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिली. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बाई स्वतः टेनिस खेळायच्या. अनुष्टुभ् छंद आणि बॅकहँड एकाच घरात!

लेक त्याच वळणाची. १९३१ साली ती अखिल भारतीय स्पर्धेत एकेरीची विजेती झाली. मग १९३६, १९३७, १९३८, १९४०, १९४१ आणि १९४३. एकूण सात वेळा. पहिल्या आणि दुसऱ्या विजेतेपदात पाच वर्षांचं अंतर आहे आणि शेवटचं आलं तिशी ओलांडल्यावर. १९४३ मध्येच तिने हरीश्वर दयाळ या आयसीएस अधिकाऱ्याशी लग्न केलं. दयाळ पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते आणि १९६४ साली एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या खुंबू भागात प्रवासात असताना वारले. लीलाबाईंनी नंतर शास्त्रीय नृत्यावर इंग्रजी आणि संस्कृतात पुस्तकं लिहिली, आईच्या कथांना नाट्यरूप दिलं. म्हणजे रॅकेट ठेवली तरी बाई थांबल्या नाहीत.

आता जरा खरं बोलू. हे सगळं जमलं कारण घरी सुबत्ता होती. वडील राघवेंद्र राव मुंबईतले नामांकित डॉक्टर. तेव्हा विम्बल्डन हौशी खेळाडूंचं होतं, बक्षिसाची रक्कम नाही (ती १९६८ पासून आली) आणि मुंबईहून इंग्लंडला बोटीने जायलाच दोन-तीन आठवडे लागायचे. साताऱ्याच्या एखाद्या मास्तरच्या मुलीला १९३४ मध्ये हे स्वप्नातही शक्य नव्हतं. दादा पैशाचं बोलतो ते म्हणूनच खोटं नाही. कोचची फी, दर दोन महिन्यांनी नवे बूट, प्रत्येक स्पर्धेचा प्रवास.. मी आकडे ऐकलेत.

पण मग जोकोविचचंच बघू, दादानेच नाव घेतलं म्हणून. सर्बियातल्या कोपाओनिक नावाच्या डोंगरावर त्याच्या आईवडिलांचं पिझ्झाचं दुकान होतं. समोरच्या कोर्टवर येलेना गेन्चिच ही प्रशिक्षक मुलांना शिकवायची. तिने सहा वर्षांच्या नोव्हाकला हेरलं. टेनिसच्या जोडीने ती त्याला शास्त्रीय संगीत ऐकवायची, पुश्किनच्या कविता वाचायला लावायची. १९९९ मध्ये बेलग्रेडवर ७८ दिवस बाँब पडत होते, त्याच दिवसांत तो बारा वर्षांचा झाला. सराव तरीही चालूच होता. पुढे २४ ग्रँडस्लॅम जिंकली, त्यात सात विम्बल्डन. पैसा नसलेलं ते घर, पैसा असलेलं हे घर. दोन्हीकडे सारखी गोष्ट एकच: खेळ आणि कविता एकाच मुलाला झेपतात यावर विश्वास असलेली एक बाई.

जोकोविच सगळेच होत नाहीत, मान्य. पण म्हणून एका विजयाची किंमत शून्य? स्वारगेटच्या माणसाला हे मी काय सांगू! इथून चालत पाच मिनिटांवर नेहरू स्टेडियम आहे. २९ फेब्रुवारी १९९६ ला तिथे केनियाने वर्ल्डकपमध्ये वेस्ट इंडिजला हरवलं. केनिया १६६, वेस्ट इंडिज ९३. तो वर्ल्डकप केनियाने जिंकला नाही, त्या स्पर्धेत दुसरी एकही मॅच जिंकली नाही. पण आजही पुण्यात दर दुसरा माणूस शपथेवर सांगतो की मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो (सगळे खरं बोलत असतील तर स्टेडियम पर्वतीपर्यंत पसरलेलं असणार). परक्या देशाचा एक विजय आपण तीस वर्षं जपला. आणि पुण्यात जन्मलेल्या बाईच्या लेकीचा १९३४ चा विजय मला रात्री तीनला शोधावा लागला.

रविवारी संध्याकाळी त्यांना सोडायला परत स्वारगेट. गाडी लागायची होती. मी पुतणीला सगळं सांगितलं. सात विजेतेपदं, संस्कृत, नेपाळ. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, कालचा पराभव अजून डोक्यात आहे.

मग म्हणाली, "दुसऱ्या फेरीत ती तीन सेटमध्ये हरली ना?"

"हो."

"म्हणजे एक सेट तिने घेतला होता."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही प्रोग्रामर लोक, शेवटचं आउटपुट बघतो आणि मोकळे होतो.

दादा तिकिटाचे सुटे मोजत होता. वर न बघता म्हणाला, "दहावीत आठवड्यातून दोन दिवस खेळलीस तर चालेल का तुझ्या सरांना?"

"तीन," ती म्हणाली.

"बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे साधारण अडीच. असो. गाडी सुटली, रॅकेटची बॅग खिडकीला टेकलेली दिसत होती. आता तुमच्यापैकी कुणी त्या केनियाच्या मॅचला खरंच होतं का, ते सांगा. शपथेवर हं!