ओमानमधील भगिनींची सेवासंस्था

मस्कत हे नाव आमच्या पिढीला परके नाही. मुंबईत असताना मस्कती हलवा कोणी खाल्ला नसेल असे घर विरळाच. मुंबईहून कराची, मस्कत करत इराणच्या आखातात जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीही पुष्कळांना आठवत असतील. त्यांतली ‘द्वारका’ 1982 सालापर्यंत चालू होती. मस्कतला टपाल कचेरी उघडली ती 1864 साली, आणि तीही हिंदुस्थान सरकारने. तिथल्या बाजारात 1970 पर्यंत रुपया चालत असे.

ज्यू लोकांचाही या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. बगदादच्या दाऊद पाशाच्या जुलमाला कंटाळून 1828 च्या सुमारास जी कुटुंबे बाहेर पडली, त्यांतली काही मस्कतला येऊन राहिली. त्याच जुलमामुळे बगदाद सोडलेले डेव्हिड ससून 1832 साली मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मुंबई व पुण्यात काय उभारले ते आपण जाणतोच. 1835 साली ओमानात फिरलेल्या वेलस्टेड नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने मस्कतच्या ज्यूंविषयी लिहून ठेवले आहे. ती वस्ती आता उरलेली नाही. डिसेंबर 1994 मध्ये पंतप्रधान इत्झाक राबिन मस्कतला गेले, तेव्हा मात्र इथे आपल्या घराघरांतून त्या शहराचे नाव पुन्हा ऐकू आले.

पण आज आम्ही राजे, व्यापारी किंवा पंतप्रधान यांच्याविषयी लिहिणार नाही. ओमानच्या स्त्रियांनी चालवलेल्या सेवासंस्थेची हकीकत सांगणार आहोत. आपल्या महिला मंडळांत ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले, त्यांना ती वाचताना बरेच काही ओळखीचे वाटेल.

1970 पूर्वीचा ओमान कसा होता? साऱ्या देशात मुलांच्या तीन सरकारी शाळा आणि त्यांत सुमारे नऊशे मुलगे. मुलींसाठी सरकारी शाळा एकही नव्हती. डांबरी रस्ता अवघा दहा किलोमीटर. रात्र पडल्यावर मस्कत शहराचे दरवाजे बंद होत आणि त्यानंतर रस्त्यावर निघणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. बाळंतपण घरीच व्हायचे. औषधोपचार मिळे तो मुख्यतः अमेरिकन मिशनच्या दवाखान्यांत. तिथे सेरा हॉसमन या डॉक्टरबाईंनी 1913 साली बायकांसाठी दवाखाना सुरू केला. त्यांचा एक पाय लाकडी होता, तरी त्यांनी त्या उन्हाळी मुलखात पंचवीसेक वर्षे काढली. परपुरुषाला नाडी न दाखवणाऱ्या बायका बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर येऊ लागल्या.

1913 हे साल आमच्या लक्षात राहण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच साली मुंबईत आपल्या समाजाचे बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास आपल्या डॉ. जेरूशा झिराड वैद्यकीचा अभ्यास करीत होत्या. पुढे त्यांनी लंडनची एम.डी. पदवी मिळवली आणि 1928 ते 1947 पर्यंत कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली. बायकांना बाई डॉक्टर हवी ही गरज मुंबईतही तीच आणि मस्कतमध्येही तीच. फरक एवढाच की आपल्याकडे मुली शिकू लागल्या होत्या, माझगावची इस्रायली शाळा 1875 पासूनच सुरू होती. ओमानच्या मुलींना ही संधी मिळायला पुढे पन्नास-साठ वर्षे लागली.

23 जुलै 1970 रोजी सुलतान काबूस गादीवर आले आणि देशाची दारे उघडली. पोटासाठी व शिक्षणासाठी बाहेर गेलेले ओमानी परत येऊ लागले. कोणी कुवेत-बहारीनमधून आले, कोणी मुंबई-कराचीतून. 1964 च्या क्रांतीत झांझिबार सोडावे लागलेली कुटुंबेही आली. त्यांच्यातल्या काही स्त्रिया शिकलेल्या होत्या. कोणाला इंग्रजी येत होते, कोणाला स्वाहिली. आजूबाजूच्या बहुतेक बायकांना मात्र स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. या शिकलेल्या बायकांपैकी काहींनी मस्कतमध्ये एकत्र येऊन संस्था काढली. तीच ओमानी महिला संघटना. 1972 साली तिला सरकारी मान्यता मिळाली.

सुरुवातीची कामे साधी होती: साक्षरतेचे वर्ग, शिवणकाम, मुलांची निगा व स्वच्छता यांची माहिती, आणि आया वर्गात असताना त्यांची लहान मुले सांभाळण्याची सोय. कोणी म्हणेल, सरकारने मुलींच्या शाळा उघडल्या होत्या, मग हे वेगळे कशाला? कारण शाळा मुलींसाठी होती. चार मुलांची आई सात वर्षांच्या मुलीच्या बाकावर कशी बसणार? शिवाय नवऱ्याची, सासूची परवानगी हवी. ‘शाळेत जाते’ म्हटले तर घरात भुवया उंचावतील, पण शेजारणीबरोबर शिवण शिकायला जाते म्हटले तर कोणी अडवायचे नाही. ज्या घरात शिवण शिकायची, त्याच घरात पाटीवर अक्षरेही गिरवता येत. शिवणाने चार पैसेही मिळत. ओमानी पुरुष जी भरतकामाची गोल टोपी घालतात, तिला ‘कुम्मा’ म्हणतात. ती घरबसल्या हाताने विणण्या-टाचण्याचे काम बायकांचे असते.

आमच्या वाचक भगिनींना हे वाचून आपले दिवस आठवतील. आलिया करून दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद अशा गावी आल्यावर मराठीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या बायका उल्पानच्या वर्गात बसायला लाजत. शेजारच्या बाईने हाताला धरून नेले म्हणून त्या गेल्या. दवाखान्यात, बँकेत, मुलांच्या शाळेत त्यांच्याबरोबर कोण गेले? आपल्यातलीच कोणीतरी दोन शब्द हिब्रू जास्त येणारी बाई. हितनद्वूत हा शब्द शिकण्याआधीच हे काम चालू झाले होते.

ओमानची संस्था पुढे मस्कतबाहेर पसरली. निझवा, सूर, सोहार, सलाला, अशा शहरांत शाखा निघाल्या. आज देशभरात साठांच्या वर महिला संघटना आहेत. नव्वदच्या दशकात आरोग्य खात्याने गावोगावच्या बायकांना शिकवून स्वयंसेविका म्हणून उभे केले. लस कधी टोचायची, अंगावर किती दिवस पाजायचे, दोन बाळंतपणांत अंतर का ठेवायचे, हे त्या शेजारच्या घरी जाऊन सांगत. सरकारी कागदापेक्षा ओळखीच्या तोंडचा शब्द लवकर पटतो, हे खात्याने बरोबर हेरले होते. 1994 साली मजलिस अल-शूरा या सल्लागार सभेत पहिल्यांदा दोन स्त्रिया निवडून आल्या. ऑक्टोबर 2009 मध्ये सोहार येथे ओमानी स्त्रियांची मोठी परिषद भरली आणि तेव्हापासून 17 ऑक्टोबर हा ओमानी महिला दिन ठरला.

हा सारा इतिहास नुसत्या कौतुकाचा नाही. संस्था वाढली तसा सरकारचा हातही वाढला. सरकारने इमारती दिल्या, अनुदान दिले आणि त्याबरोबर देखरेखही आली. 2000 सालच्या कायद्याप्रमाणे तिथे कोणतीही संस्था काढायला मंत्रालयाची परवानगी लागते आणि काय करावे, काय करू नये, याच्या मर्यादाही तेच घालते. पहिल्या बायकांनी जे आपल्या मनाने केले, ते आता विचारून करायचे. दुसरीकडे संस्थेच्या यशानेच तिची माणसे कमी होतात. ज्या आजीने त्या वर्गात अक्षर गिरवले, तिची नात 1986 साली सुरू झालेल्या सुलतान काबूस विद्यापीठात शिकली, डॉक्टर किंवा शिक्षिका झाली. तिला पगाराची नोकरी आहे, दुपारी मोकळा वेळ नाही. मग शिवणाच्या वर्गाला यायचे कोणी आणि शिकवायचे कोणी?

आपल्याकडे दुसरे काय झाले? पूर्वी मंडळ जे करीत असे ते आज बितुआह लेऊमी, कुपत होलिम आणि मतनास करतात. म्हाताऱ्यांना घरी मदतनीस येते, मुलांना शाळेनंतर वर्ग असतात. हे वाईट नाही. ज्या कामासाठी आपल्या आयांनी पदरचे पैसे घातले, ते सरकारने उचलले, यात त्यांचा विजयच आहे. मग मंडळाला काम उरले नाही का?

आम्हाला वाटते, उरले आहे. ओमानच्या इतिहासातूनही तेच दिसते. शाळा सरकार काढू शकते, पण लाजणाऱ्या बाईला हाताला धरून तिथपर्यंत नेणे शेजारणीलाच जमते. मदतनीस औषध देईल. परंतु आजींना मलिद्याची आठवण आली आहे, त्यांना मराठीत दोन शब्द बोलायचे आहेत, शब्बाथच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला नाही म्हणजे काहीतरी बिनसले आहे, हे तिला कसे कळणार? जे काम सरकार करू शकते ते सरकारकडे जावे. ओळख मात्र कोणत्याही खात्याकडे सोपवता येत नाही. ती ज्यांनी ठेवली त्यांच्याबरोबरच जाते.

आणखी एक गोष्ट. ओमानविषयीच्या पुस्तकांत सुलतानांचे हुकूम, मान्यतेचे साल, परिषदेची तारीख हे सगळे मिळते. पण पहिल्या वर्गात पाटी घेऊन कोण बसले, कोणाच्या घरी तो वर्ग भरला, मुले कोणी सांभाळली, ही नावे सहसा मिळत नाहीत. आपल्या मंडळांचीही गत तीच होऊ नये. कोणत्या वर्षी कोण अध्यक्षा होत्या हे कुठेतरी छापलेले सापडेल. पण एलियाहू हन्नबीच्या मलिद्यासाठी पोहे भिजवून नारळ कोणी खवले, आजाऱ्याच्या घरी आठवडाभर डबा कोणी पोचवला, नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात गोधड्या कोणी दिल्या, हे फक्त तुमच्याच आठवणीत आहे.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. घरात मंडळाचा जुना फोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा, डावीकडून उजवीकडे. सभेची जुनी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. हात थरथरत असेल तर नातवाला सांगा, तो हिब्रूत लिहून घेईल, तेही चालेल. ज्या बायकांनी नावासाठी काम केले नाही, त्यांचे नाव टिकवणे हे मागे राहिलेल्यांचे काम आहे.