कडू बदामाची गोड गोष्ट

शाळेच्या आवारातल्या बदामाच्या झाडाची फळे दगडाने फोडून आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. पण ते झाड सुक्या मेव्यातल्या बदामाचे नात्याने कोणीच नव्हे. खरा बदाम गुलाब, पीच आणि जर्दाळू यांच्या कुळातला. मूळचा पश्चिम आणि मध्य आशियातला. नावही आपल्याकडे फारसीतून आले.

बदाम खाल्ल्याने बुद्धी वाढते का, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. आम्हाला नवल वाटते ते वेगळेच. या बदामाचे रानटी भाऊबंद विषारी आहेत! त्यांच्या गरात अमिग्डॅलिन नावाचे कडू द्रव्य असते. गर चावला की त्याची गाठ गरातल्याच विकरांशी पडते आणि साखर, बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड तयार होते. विकरामुळे होणारी ही फोड व्होलर आणि लीबिग यांनी १८३७ साली दाखवून दिली. मूठभर कडू बदाम लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

तरीही ग्रीसमधल्या फ्रांख्थी गुहेत शेतीपूर्व काळातल्या थरांत रानबदामाची कवचे सापडली आहेत. बहुधा ती माणसे गर भिजवून, भाजून त्यातले विष कमी करत असावीत. इ.स.पू. १३२५च्या सुमारास तुतानखामेनच्या थडग्यात बदाम ठेवले गेले, तोवर तो मानाचा पदार्थ झाला होता. मधल्या काळात काय घडले?

उत्तर जनुकात आहे. अमिग्डॅलिन बनवणारी यंत्रणा चालू करणाऱ्या एका जनुकातला लहानसा बदल ती बंद ठेवतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. हा बदल प्रभावी आहे. म्हणजे गोड झाडाचा कडू झाडाशी संकर झाला, तरी निदान निम्मी रोपे गोड निघण्याची शक्यता असते. कलम करण्याची विद्या अवगत नसलेल्यालाही नुसते बी पेरून गोड बदाम टिकवता आला, तो यामुळे.

आणखी एक गंमत वर्गात सांगण्याजोगी आहे. बदामाची चव परागकण कोणाचे यावर ठरत नाही, आईझाडावर ठरते. त्यामुळे एका झाडाचे सगळेच बदाम गोड, नाहीतर सगळेच कडू. ज्या कोणी पहिल्यांदा धीर करून एक गोड बदाम चाखला, त्याला अख्ख्या झाडाची खात्री पटली असणार. मेंडेलचे वाटाणे शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर घालावा: गोड झाडाचाच बदाम पेरला, तरी त्याच्या रोपाला कडू बदाम कसे लागू शकतात?